न खरवडलेलं कुपन

कुपनावरची राखाडी पट्टी बत्तीस मिलिमीटर लांब आणि सहा मिलिमीटर रुंद होती. तिच्या डाव्या टोकाला दोन मिलिमीटरचा ओरखडा होता आणि त्यातून एका इंग्रजी अक्षराची फक्त उभी रेघ दिसत होती. ते बी असेल, डी असेल, एफ किंवा एच... आठ महिने मी ताडून पाहत होते. पट्टी खरवडली असती तर चार सेकंदांत कळलं असतं. मी खरवडली नाही.

तो ओरखडा हनुमानच्या नखाचा होता.

मी केजच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. बाजाराच्या दिवशी युसूफ वडगावला शेतकरी मातीच्या पिशव्या आणून देतात, त्या गोळा करायला मी जाते. मार्चमधल्या अशाच एका दुपारी सावलीसाठी मी छबुबाईंच्या बांगड्यांच्या दुकानात शिरले. आत बायका, खोके, आणि मधोमध मांडीवर लॅपटॉप घेतलेला एक उंच माणूस. वर टांगलेल्या बांगड्यांच्या माळा डोक्याला लागू नयेत म्हणून तो मान वाकडी करून बसला होता.

"बांगड्या भरायच्या का मॅडम?" त्यानं विचारलं.

"तुम्ही भरता?"

"मी कुपनं विकतो. बांगड्या छबुमावशी भरतात. पण आलेलं गिऱ्हाईक परत जाऊ द्यायचं न्हाई, असा इथला नियम हाय."

"बसायला चार बोटं जागा दिली, तर दुकान चालवाया लागलाय," छबुबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या.

मी विचारलं, कसली कुपनं? तो सांगायला लागला आणि मी सावलीसाठी आले होते हे विसरून गेले.

त्याची थोरली बहीण बबिता वडगावच्या उपकेंद्रात नर्स होती. इथल्या बायका सहा महिने ऊसतोडीला जातात. तिथे काही दुखलं-खुपलं तर विचारायचं कुणाला? फोन नवऱ्याचा, आणि तो मुकादमही उघडून बघणार. "अंगावरून जातंय, डॉक्टर म्हणतोय पिशवी काढा, काय करू... हे तसल्या फोनवर कोण लिहील?" म्हणून हनुमाननं पुण्यातली नोकरी सोडून 'सांगावा' सुरू केला होता. बाईनं लिहिलेला निरोप हातातल्या फोनमध्येच कुलूपबंद व्हायचा आणि बबिताच्या फोनमध्येच उघडायचा. मधला सर्व्हर परळीत, त्याच्या खोलीत. तो निरोप पोचवायचा, पण वाचू शकायचा नाही.

"सर्व्हर चालवायला पैसे लागतात. बाईनं फोनवरून पैसे भरले की नाव, नंबर, तारीख सगळं उमटतं. मग निरोप लपवून काय उपयोग? म्हणून हे कुपन. आधी पैसे द्यायचे, पाहिजे तवा खरवडून आकडा फोनमधी घालायचा."

"आणि कुणी विकत घेतलं याची नोंद?"

"न्हाई."

"म्हणजे तुम्ही ठेवत नाही."

"ठेवायची म्हणलं तरी ठेवता येत न्हाई, मॅडम." त्यानं लॅपटॉप बाजूला ठेवला. "एक वही समजा. तिच्या हजारो प्रती, हजारो कॉम्प्युटरवर. एकीत खाडाखोड केली तर बाकीच्या लगेच पकडतात. ब्लॉकचेन म्हणतेत तिला. त्या वहीत पैसे कुलपात ठेवलेत. पट्टीखालचा अक्षरं-अंकांचा आकडा म्हणजे किल्ली. किल्ली लावली की वही म्हणते, खरी हाय, पहिल्यांदाच लागलीय. पैसे सर्व्हरला सुटतात. पण हात कुणाचा होता, ते वहीला ठाऊक न्हाई."

माझ्या कामात पिशवीवर नाव नसेल तर नमुना बाद होतो. इथे नाव कुठेच नव्हतं, तरी खरेपणा सिद्ध होत होता. त्या घामट दुकानात माझ्या अंगावर काटा आला. आवर्तसारणी पहिल्यांदा उमगली तेव्हा आला होता, तसाच.

त्यानं एक कुपन घेतलं, कसं खरवडायचं ते दाखवायला नख लावलं... आणि थांबला.

"न्हाई. तुमचं तुमीच खरवडा. मी आकडा पाह्यला तर कुपन तुमचं राहत न्हाई."

पुढच्या बाजारी मी पुन्हा गेले. सावलीचं कारण त्या दिवशी नव्हतं, आभाळ आलेलं होतं.

तो परळीहून पहिल्या एसटीनं यायचा. तिथल्या औष्णिक वीजकेंद्राची राख त्याच्या कॉलरवर बसलेली असायची. एकदा मी ती काचपट्टीवर घेतली आणि प्रयोगशाळेत पाहिली. पुढच्या आठवड्यात त्याला सांगितलं, "तुमच्या कॉलरवरची राख सूक्ष्मदर्शकाखाली गोल काचेच्या मण्यांसारखी दिसते. काही मणी तर पोकळ असतात."

"म्हणजे मी गळ्यात काचेचे मणी घालून हिंडतोय?"

"हजारो."

"अन् गाव म्हणतंय, पोरगं लई गबाळं हाय." मग जरा थांबून, लॅपटॉपकडेच बघत, "माझी कॉलर तुमी घरी न्हेली होती तर..."

"प्रयोगशाळेत," मी म्हणाले. कान तापले होते. किती, ते मोजलं नाही.

आषाढात, वडगावच्या फाट्यावर एसटीची वाट पाहताना, त्यानं विचारलं. मधे मातीच्या पिशव्यांचं पोतं होतं.

"माझ्याशी लग्न कराल का, मॅडम?"

"नाव हनुमान, आणि लग्नाचं विचारता?"

"नाव आईनं ठेवलं. ब्रह्मचर्याचं मला कुणी विचारलं न्हाई."

मी हसले. मग हसणं संपलं, आणि उत्तर देण्याची वेळ आली. "विचार करून सांगते," मी म्हणाले.

"मातीचा रिपोर्ट आठ दिवसांत देता. माझा?"

"सांगते."

माझ्या थांबण्याचं कारण त्याला माहीत नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी माझं एक लग्न ठरून मोडलं होतं. मोडल्याचं मला दुपारी कळलं; सगळ्या केजला सकाळीच कळलेलं होतं. तेव्हापासून मनातली गोष्ट तोंडावाटे काढायची मला धास्ती बसली. छबुबाईंसारखी माणसं कुपन कुणी नेलं ते मरेपर्यंत सांगणार नाहीत, पण कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, ही बातमी एसटीच्या आधी केजला पोचवतात. त्याचं कुपन मी प्रयोगशाळेच्या वहीत ठेवलं होतं. रोज उघडून पाहायची. रोज मिटून ठेवायची.

गणपतीनंतर हनुमान एकदा दुकानात नुसताच बसून होता. चारशे कुपनं विकली गेली होती. त्यांतली खरवडलेली फक्त एकतीस. बाकीचे पैसे त्या वहीत कुलपातच होते, ते ना बायकांचे ना सर्व्हरचे. त्याची शिल्लक जेमतेम दिवाळीपर्यंत पुरली असती.

"लोकांना नकोय, मॅडम. घेतेत मावशीच्या भिडेखातर. पुण्याहून जुन्या कंपनीचा फोन हाय. दसऱ्यापर्यंत हो-न्हाई सांगायचंय."

"मग काय सांगणार?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं प्रश्नासारखंच होतं. मी पिशव्या मोजायला लागले.

नवरात्रातल्या अष्टमीला दुकानात गर्दी होती. छबुबाईंनी तिथेच एका बाईची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, वर खण. खणाच्या घडीतून राखाडी पट्टीचं एक टोक डोकावत होतं. मी ते कुपन हातात मागून घेतलं. चारही कोपरे झिजून गोल झालेले. मधोमध घडीची खोल रेघ. पाठीवर हळदीचे तीन ठसे, एकमेकांवर, आणि तिन्ही वेगवेगळ्या बोटांचे. पट्टी मात्र अखंड.

"छबुबाई, हे नवं नाही."

"न्हाईच की. माझ्याच हातानं चौथ्यांदा चाललंय."

"मग कुणी खरवडलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आम्ल आणि आम्लारी यांतला फरक न कळणाऱ्या मुलाकडे पाहते. "वटीतला खण कुणी शिवून घालतं का गं? तसाच ठिवायचा, न् दुसरीच्या वटीत घालायचा. ह्ये बी तसंच. खरवडलेलं कसं द्यावं, रिकामं? आत्ता समद्या घरी हायेत, बबिता दारात हाय. फडावर जायच्या वक्ताला जिच्या पदरात ऱ्हाईल, तिचं."

"मला कुणी बोललं नाही हे."

"तुझी वटी भरलीय का कुणी अजून?"

बायका हसल्या. मीही हसले, पण डोळे त्या झिजलेल्या कोपऱ्यांवरच होते. हनुमान पुरुष, मी बिनलग्नाची. ओटीत काय जातं ते एरवी आम्हा दोघांना दिसणारच नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मी दुकानाच्या कोपऱ्यात बसून राहिले. छबुबाईंनी भरलेल्या ओट्यांमधून सत्तेचाळीस कुपनं या हातातून त्या हातात गेली. कुठल्याच वहीत त्यांची नोंद नव्हती. एका माणसानं विचार करून करून असं कुपन बनवलं होतं, की ते कुणाकडे आहे हे कुणाला कळू नये. आणि इथे ते पदराआडून पदराआड फिरत होतं, बनवणाऱ्यालाही न कळता.

नवमीला मी परळीची एसटी पकडली. पिठाच्या गिरणीवरची त्याची खोली मी पहिल्यांदाच पाहत होते. सर्व्हर म्हणजे फरसाणाच्या डब्याएवढं एक काळं यंत्र. हनुमान रंगाच्या ब्रशनं त्याच्या जाळीवरची राख झाडत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

त्यानं ब्रश खाली ठेवला.

"पुरावा हाय, का अंदाज?"

"सत्तेचाळीसांचा पुरावा. बाकीच्यांचा अंदाज. सर्व्हर बंद करू नका."

"सर्व्हरचं कळलं," तो म्हणाला. "मी थांबू का, ते विचारतोय."

खाली गिरणी चालू होती. मी तोंड उघडलं... आणि मिटलं.

त्यानं पुण्याकडून मुदत वाढवून घेतली. शेवटची तारीख तुळशीच्या लग्नाच्या दिवशी येत होती. "त्याच्यापुढं कंपनी बी थांबत न्हाई," तो म्हणाला, "अन् मी बी विचारणार न्हाई, मॅडम. तुमाला तरास हुतो."

दिवाळी झाली. वडगावातून, आसपासच्या तांड्यांवरून ट्रॅक्टर निघाले, वर भांडी, पोरं, शेळ्या, सरपण. बायकांच्या पदराला काय बांधलेलं होतं ते मला दिसलं नाही. पण आता ते दिसायची गरजही नव्हती.

तुळशीच्या लग्नादिवशी सकाळी मी पुन्हा गिरणीवरचा जिना चढले. हनुमाननं मला खुर्ची दिली आणि स्वतः पत्र्याच्या पेटीवर बसला. पडद्यावर एकच आकडा होता, खरवडलेल्या कुपनांचा. एकतीस.

दहा चाळीसला तो बत्तीस झाला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तेहेतीस. मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम छत्तीस. सांगलीकडच्या एखाद्या फडावर, नाहीतर बेळगावच्या बाजूला, पाचटाच्या कोपीआड, त्या झोपडीमागे बसून एक बाई पट्टी खरवडत होती. कशानं, बांगडीच्या काठानं का कोयत्याच्या टोकानं? नवरा उसात होता का? तिला काय विचारायचं होतं? यातलं काही आम्हाला कळणार नव्हतं, कधीच. एवढंच दिसत होतं, की ती आहे. खरी आहे. एक्केचाळीस. एकोणपन्नास. प्रत्येक आकड्याबरोबर त्या वहीतलं एकेक कुलूप उघडत होतं आणि ते काळं यंत्र पुढचे थोडे दिवस जगत होतं.

बाराच्या सुमाराला बबिताचा निरोप आला. हनुमाननं वाचून दाखवला. "'भाऊ, जेवायला उसंत न्हाई. समद्या बोलाय लागल्यात.'" त्यानं ब्रश घेतला आणि मुळात स्वच्छ असलेली जाळी पुन्हा झाडली.

आकडा अठ्ठ्याऐंशीवर होता. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं. पुण्याला एकच्या आत कळवायचं होतं. त्यानं फोन उचलला, पालथा ठेवला, पुन्हा उचलला. विचारलं मात्र नाही. म्हणाला होता, तसाच वागला.

मी पर्समधून वही काढली, वहीतून कुपन.

"हे अजून खरवडलं न्हाई?" तो चकित झाला. "आठ म्हैने?"

"मला वाटायचं, खरवडलं की संपतं."

"अन् आता?"

मी प्रयोगशाळेतला छोटा स्पॅट्युला काढला. तो हसायला लागला, "रुपया हाय की माझ्याकडं, मॅडम..." पण मी त्याच्या ओरखड्यापासूनच सुरुवात केली. राखाडी भुकटी त्याच्या टेबलावर पडली, राखेत मिसळून गेली. उभी रेघ एचची निघाली. मी माझ्या फोनमध्ये आकडा घातला. तो पाहू नये म्हणून हनुमाननं तोंड खिडकीकडे केलं होतं.

पडद्यावर एकोणनव्वद झाले.

"हे एक तेवढं कुणाचं ते मला ठाऊक हाय," तो खिडकीकडे बघतच म्हणाला. "वनमालाचं."

आठ महिन्यांत त्यानं पहिल्यांदा माझं नाव घेतलं होतं.

"हो," मी म्हणाले. गिरणी चालू होती, पंखाही, ऐकू गेलं नसेल म्हणून मी उठून त्याच्या शेजारी खिडकीपाशी गेले आणि खाली रस्त्यावरही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पुण्याला नाही म्हणून कळवा. मी तुमच्याशी लग्न करणार आहे. छबुबाईंना आत्ताच सांगितलंत तरी चालेल."