बुजवलेल्या विहिरीतली तार

आपला रेडिओ कंपनीचा नाही, हे रंगनाथ समोरच्यानं विचारायच्या आधीच सांगून टाकायचा. तेही छाती पुढे काढून. चहापत्तीच्या खोक्याची पेटी, संगमनेरला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात राबून जमवलेले सुटे भाग, आणि आवाज असा खणखणीत की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवून ऐकायची. शेवगाव तालुक्याच्या त्या कोपऱ्यात हातानं बांधलेला दुसरा रेडिओ नव्हता. म्हशीबद्दल शंका असेल तर असू द्या, रेडिओबद्दल घेऊ नका.

पण बहात्तरच्या दुष्काळात त्या रेडिओला खोड लागली. गाणं रंगात आलं की खर्र करून गप्प. चापट मारली की चालू, घटकाभरानं पुन्हा गप्प.

नेमका तेव्हाच रंगनाथचा मेहुणा आबासाहेब नगरहून कंपनीचा कोरा रेडिओ घेऊन आला.

"दाजी," तो पारावर चारचौघांत म्हणाला, "तुमच्या खोक्यात आता चहापत्तीच भरा. तेवढीच बहिणीला सोय."

"उद्या सांजच्याला माज्या अंगणात दोन्ही लावू, आबा. ज्याचा मधीच बंद पडंल, त्यानं सगळ्यांदेखत आपल्या हातानं फोडायचा."

बोलून बसला. आता आला का प्रश्न.

सकाळी त्यानं रेडिओ उघडला. दुकानातल्या उस्तादाची शिकवण पक्की होती: एका वेळी एकच वस्तू बदलायची, नाहीतर खोड कुठं होती ते कळत नाही. सेल बदलले, गप्प. सांधे पुन्हा झाळले, गप्प. छपरावरची तार नवी ओढली, तरी गप्प. राहिली जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार. तिला ओल लागते, आणि जमीन तर भाकरीच्या तव्यासारखी तापलेली.

"हंडाभर पानी वतू का तिच्या बुडाशी?" त्यानं बायकोला विचारलं.

मुक्ताबाई कोसभर चालून तो हंडा घेऊन आली होती. "माणसाला घोटभर न्हाई, आन् खोक्याला पाजता?"

तो घरामागं गेला. निंबाखाली ताटाएवढी माती काळीशार दिसत होती. भर दुपारी, सगळं रान फुटलेलं असताना. त्यानं पहार मारली तर ती लोण्यात गेल्यासारखी गेली. वर आली ती गार होती, आणि तिला ओल्या मातीचा वास होता… त्यात आणखी कशाचा तरी. घामाचा.

"अवो, तितं नगा," मुक्ताबाई मागून हळूच म्हणाली. "तुमच्या आज्याची हीर हाय ती. सहादेव नावाचा गडी खांदत हुता. आनखी दोन परस खाली पानी हाय म्हनायचा, समदे हसायचे. एक दिवशी वरून दरड आली, त्यो आत गाडला. तुमच्या आज्यानं माणूस काढायचं सोडून हीरच बुजवली."

"मला ठावं हाय," रंगनाथ म्हणाला, आणि तार तिथंच पुरली. फुटक्या रेडिओचा धनी म्हणून जगण्यापेक्षा हे बरं.

रेडिओ वाजला. असा वाजला की काय सांगू. एकदाही थांबला नाही. फक्त गाण्याच्या तळाशी काहीतरी होतं. ठक्… ठक्… खडकावर पहार पडावी तसं.

रंगनाथनं शिकवणीप्रमाणं छपरावरची तार काढली. ठक् तसंच. सेल काढले. गाणं गेलं, पण ठक्… ठक्… चालूच राहिलं. शेवटी त्यानं जमिनीतली तार सोडवली, तेव्हा सगळं शांत झालं.

खोड कुठं आहे ते कळलं होतं. तरी त्यानं ती तार पुन्हा जोडली.

दिवेलागणीला अंगण भरलं. दोन्ही रेडिओ शेतकऱ्यांचा कार्यक्रम बोलू लागले. रंगनाथचा वरचढ, हे आबासाहेबाच्या तोंडावरच दिसत होतं. आणि बियाण्याची माहिती सांगता सांगता रंगनाथचा रेडिओ गप्प झाला.

"घ्या दाजी," आबासाहेबानं दगड पुढे केला.

रंगनाथनं दगड उचलला. तेवढ्यात खोक्यातून धाप आली. मग आवाज. खरखरीत, थकलेला, पण ऐटीतला.

"मालक… पानी लागलं… म्या म्हनलं हुतं."

आबासाहेबानं वाकून सेल काढून घेतले. तरी आवाज आला. "लई ग्वाड हाय…"

रंगनाथनं दगड खाली ठेवला. "बंद पडला न्हाई माजा रेडिओ," तो म्हणाला. मान ताठ होती.

दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव खणायला लागलं. आज्यानं सोडलेल्या तळाच्या खाली आणखी दोन परस, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं, खोदलेलं निघालं. खडकावर पहारेचे घाव ताजे, पांढरे. हाडूक एक सापडलं नाही. तळाच्या कडेला माणूस वाकून जाईल एवढं भोक होतं. त्यातून पाणी आलं आणि भोक बुडालं. पाणी खरंच गोड. नेवाशाकडचे पाहुणे घागरी घेऊन यायचे, आणि रंगनाथ प्रत्येकाला आधी रेडिओ दाखवायचा.

एका संध्याकाळी पाहुण्यांसमोरच तो पुन्हा गप्प झाला.

"मालक… पानी चढलं… दोर सोडा."

ज्या कारागिरानं आपली लाज राखली, त्याला नाही कसं म्हणायचं? रंगनाथनं विहिरीत दोर सोडला. दोराला ओढ लागली. तो पाय रोवून ओढू लागला. मागून आबासाहेबानं हात लावला. दोघांचे तळहात सोलवटले, दोर करकरला.

"दाजी…" आबासाहेब त्याच्या कानाशी कुजबुजला. "ही वढ एका माणसाची न्हाई."