सज्ज्याची सावली

डोंगरावरच्या अस्मारात बसून मसावाच्या उन्हाची गोष्ट सांगायची म्हणजे जरा अवघडच. इथे बाराही महिने संध्याकाळी शाल लागते. पण विचारलंतच, तर सांगते. पायावर शाल घ्या. कॉफीचे दाणे भाजून होईस्तोवर सांगून होईल माझं.

मी मूळची केरेनची, डोंगरातली. लग्न होऊन समुद्रातल्या बेटावर, मसावाला आले तेव्हा स्वातंत्र्याची लढाई संपून बरीच वर्षं झाली होती. माझा नवरा जाबिर ट्रक चालवायचा, बंदरातून वर अस्मारा आणि अस्मारातून खाली बंदर. लग्नानंतर लगेचच त्याने अस्मारात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मला म्हणाला, “आईला घेऊन ये. तिला एकटीला टाकून यायचं नाही, सांगून ठेवतो.” झालं! सासूबाई काही त्या बेटावरून हलेनात. नवरा महिन्यातून एकदा यायचा, पाहुण्यासारखा जेवायचा, पहाट झाली की ट्रक सुरू. मला माझा संसार हवा होता हो. मूलबाळ हवं होतं. आणि मी बसले होते पत्र्याच्या खोलीत, मान पुसत.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बाई वाईट नव्हत्या. खोचक बोलायच्या, पण बोलून झालं की माशाचा चांगला तुकडा माझ्याच ताटात टाकायच्या. डावखुऱ्या होत्या. डाव्या हातात ताडाच्या पानाचा पंखा सतत हलत असायचा, झोपेतसुद्धा. “केरेनची मेंढी, उन्हानं वितळशील हो,” असं म्हणायच्या आणि त्याच पंख्याने मला वारा घालायच्या.

आमचं मूळ घर त्याच गल्लीत होतं. तुर्कांच्या वेळचं, समुद्रातून काढलेल्या पोवळ्याच्या दगडांचं, माडीवर जाळीदार लाकडी सज्जा. लढाईत आपल्या पोरांनी शहर जिंकलं आणि मग चिडलेल्या सरकारची विमानं आली. राजवाड्याचा घुमट फुटला, बँकेच्या कमानी पडल्या, मशिदीच्या भिंतींना भोकं पडली. आमच्या घराचा तर गुडघ्याएवढा ढीग उरला. त्या ढिगाखाली झमझम होती, जाबिरची धाकटी बहीण. सात वर्षांची. याच्या पुढचं घरात कुणी बोलत नसे, आणि मीही कधी विचारलं नाही.

मसावातली दुपार तुम्ही पाहिली नाहीत. दुपारच्या नमाजानंतर सगळं गाव मेल्यासारखं पडतं. कुत्रं भुंकत नाही, कावळा ओरडत नाही. खारं वारं येतं तेही तापलेलं. आमच्या गल्लीतली माणसं तेव्हा आपापल्या बाजा ओढत सावलीला आणायची आणि सावली सरकेल तशी बाज सरकवायची. मीही तेच करायची. डोळ्यांवर पदर घ्यायचा, पडून राहायचं. सावली कुणाची आहे, हे कोण विचारतंय? तिथे पाण्यालाही पैसे पडतात. फुकट मिळते ती सावली तेवढी.

त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात जाबिरचा फोन आला. चिडला होता. “जुम्म्याच्या आत या, नाहीतर मी खोल्या सोडतो. रिकाम्या घराचं भाडं किती भरू? मग बसा दोघी तिथेच.”

हे आत्याबाईंना सांगायला मी गल्लीत आले. भर दुपार. सगळे बाजांवर घोरत होते. आत्याबाई सावलीच्या पार टोकाला जमिनीवर बसल्या होत्या, जाग्या, खाली बघत. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि त्या बघत होत्या तिकडे बघितलं.

जमिनीवर जाळी होती. म्हणजे जाळीची सावली. बारीक चौकटी, वर महिरप, खाली कठड्याचे गोल खांब. आणि त्या खांबांमधून बाहेर आलेले दोन छोटे पाय. पाय हलत होते. एक पुढे, एक मागे... कंटाळलेलं पोर हलवतं तसे.

मी वर पाहिलं. वर काही नव्हतं. नुसतं पांढरं आभाळ, आणि समोर तो गुडघ्याएवढा ढीग. ज्या ढिगाच्या सावलीत मांजरसुद्धा बसणार नाही, त्याच्या सावलीत सबंध गल्ली झोपली होती. आणि मी? लग्न झाल्यापासून रोज तिथे पडत होते की हो! एकदाही वर बघितलं नव्हतं.

 मी शेजारच्या बाजेवर बसले. ती बखीताची बाज. बखीता गल्लीत कॉफी विकायची. तिने एक डोळा उघडला.

“काय झालं गं?”

“बखीता... हे घर... ही सावली...”

“आज कळलं होय?” ती कूस बदलत पुटपुटली. “इतकी वर्षं बूड टेकून बसतेस की. मध्ये ते शहरातले साहेब आले होते फीत घेऊन, जुनी घरं जपायची म्हणून. मापं घेतली, फोटो काढले, आणि दमून याच सावलीत बसून माझी कॉफी प्यायले. त्यांना तरी कुठे कळलं? झोप आता. आणि वर बघत जाऊ नकोस, सावलीला आवडत नाही.”

मी कसली झोपते! सरकत सरकत आत्याबाईंजवळ गेले. त्यांनी मान वळवली नाही. पंखा हलत होता.

“दिसली?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो... झमझम?”

“त्या दिवशी पाणी आणायला धक्क्यावर जायचं होतं. ऊन फार, म्हणून तिला म्हटलं, सज्ज्यात बस. मी येईपर्यंत खाली उतरायचं नाही.” त्यांनी सावलीच्या कडेने बोट फिरवलं. “विमानांचा आवाज आला तेव्हा शेजारची सगळी पोरं खाली पळाली. वाचली. माझी शहाणी. तिने आईचं ऐकलं.”

 जमिनीवरचे ते पाय हलतच होते.

“आता मी अस्माराला गेले,” आत्याबाई म्हणाल्या, “तर ती कुणाची वाट बघेल? सांग बरं.”

मला त्यांची दया यायला हवी होती. आलीही. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त मला माझंच रडू आलं. “आणि मी कुणाची वाट बघू, आत्याबाई?” मी म्हटलं. “नवरा असून मी अशी. तुमची लेक तिथे अडकली, तुम्ही तिच्यापायी अडकलात, आणि मी तुमच्यापायी. जाबिर खोल्या सोडतोय. जुम्म्यापर्यंत मुदत दिलीय. मग माझं काय?”

त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या.  मग पदराने माझं तोंड पुसलं.

“खरं आहे गं पोरी तुझं. जिवंत माणसानं का म्हणून सडायचं?” पंखा थांबला होता. “वर अस्मारात ढग दारात येतात म्हणे?”

“येतात. खिडकी उघडी राहिली तर खोलीत येतात.”

“तिने कधी ढग जवळून पाहिला नाही. इथे कुठले ढग!” एवढं बोलून त्या पुन्हा जमिनीकडे बघू लागल्या. जरा वेळाने म्हणाल्या, “उद्याच्या गाडीची तिकिटं काढ जा.”

मला आनंदाने रात्रभर झोप नाही. मेली मी एवढी स्वार्थी, की त्या कशा तयार झाल्या, हा विचारसुद्धा मनात आला नाही.

गाडी दुपारची होती. बोचकी बांधून मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. आत्याबाई म्हणाल्या, “थांब, येते,” आणि सावलीत गेल्या. बाजांमधून वाट काढत त्या सज्ज्याच्या सावलीत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची स्वतःची सावली त्या मोठ्या सावलीत मिसळली. हवा अशी थरथरत होती की सगळं पाण्याखाली असल्यागत दिसत होतं. त्यांचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू आला, लहान मुलाशी बोलतात तसा.

“झमझम... आले बघ मी. उतर आता खाली. उतर, बाळ... तुझी जागा मी धरते.”

पाय हलायचे थांबले. मग खांबांमधून आत ओढले गेले. माझ्या डोळ्यांत घाम गेला, मीठ चरचरलं. मी डोळे चोळले. उघडले तेव्हा आत्याबाई उन्हातून माझ्याकडे येत होत्या. अनवाणी. तापलेल्या फरशीवर पाय भाजून टुणटुण उड्या मारत येत होत्या. चपला तिथेच सावलीत राहिल्या होत्या. पंखाही.

“अहो, चपला!” मी म्हटलं.  त्यांनी नुसतं माझं बोट धरलं. हात नाही, एक बोट. मी म्हटलं जाऊ दे, वर गेल्यावर नव्या घेऊ. गाडी चुकायला नको.

ती गाडी कशी चढते काय सांगू! वळणामागून वळण, आणि दर वळणाला हवा थंड होत जाते. आत्याबाई काचेला नाक लावून बसल्या होत्या. रस्त्याच्या कठड्यावर वानरं दिसली तेव्हा टाळ्या पिटून हसल्या. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी साखरेचे खडे घेतले होते वाटेत उलटी होऊ नये म्हणून, ते सगळे त्यांनी चोखून संपवले. बोलल्या मात्र एक शब्द नाही. मग गाडी ढगात शिरली. बाहेर सगळं पांढरं झालं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, ओला झालेला तळवा माझ्या गालाला लावला, आणि मला वाटलं, बरं झालं, बाईच्या छातीवरचा दगड उतरला.

स्टँडवर जाबिर आला होता. त्याने आईचा हात डोळ्यांना लावला. आत्याबाईंनी त्याच्या मिशीला बोट लावून पाहिलं आणि पटकन माझ्या मागे लपल्या. “दमलीय आई,” जाबिर हसून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. घरी आल्यावर त्या एकट्या झोपेनात. माझ्या कुशीत शिरल्या, पाय पोटाशी घेऊन. मीही थोपटलं. म्हाताऱ्या माणसाला नवी जागा, होतं असं.

दोन दिवसांनी खालच्या दुकानात बखीताचा फोन आला. मला वाटलं, खुशाली विचारायला.

“मदिना,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “सासू बरी आहे ना तुझी?”

“बरी आहे की. खातेपिते. का गं?”

 मागे गल्लीतली दुपार ऐकू येत होती, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.

“सज्ज्यात आता पोर दिसत नाही,” ती म्हणाली. “मोठी बाई बसलीय. डोक्यावरून पदर घेतलेला. पंख्याने वारा घेतेय... डाव्या हाताने.”

मी फोन खाली ठेवला. जिना चढताना हात कठड्याला घट्ट धरला होता, तेवढं आठवतं. देवाशपथ सांगते, वर जाऊच नये असं वाटत होतं.

आत्याबाई दारात पायरीवर बसल्या होत्या. ढग पायरीपर्यंत आला होता. त्यांनी आपले पिकलेले केस सोडले होते आणि वेणी घालून घ्यायला फणी माझ्यापुढे धरली. मी मागे बसले. केस विंचरू लागले. अस्मारात आल्यापासून त्या पहिल्यांदा बोलल्या तेव्हा आवाज त्यांचाच होता, साठीतल्या बाईचा, जरासा बसलेला.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “आई कधी येणार गं?”