तिठ्यावरचा नारळ

बस रे बाबा, बस. तूही असाच गल्लीबोळ पायी तुडवत आलास ना? चहा घे. आतल्या खोलीत माझा सर्वेश झोपलाय, म्हणून हळू बोलते.

मागच्या महिन्यात त्याला ताप भरला, तो उतरेचना. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं. सगळं नॉर्मल म्हणे! पोर तव्यासारखं तापलंय आणि म्हणे नॉर्मल. शेवटी सासूबाईंनी त्याच्यावरून नारळ आणि दहीभात उतरवला, केळीच्या पानावर ठेवून माझ्या हातात दिला. कुजबुजल्या, "तिठ्यार ठेव. जो कोण वलांडीत, तेच्या पाठीक लागात. फाटी बघू नको. कोणी साद घातल्यान तरी ओ देव नको."

मालाडच्या बाजारात दिवेलागणीला पाय ठेवायला जागा नसते. पण आपली माणसं बघ, उतारा दिसला की एवढ्या गर्दीतही वळसा घालून जातात. रिक्षावालेसुद्धा हँडल वळवतात. मी म्हटलं, देवा, कोणीतरी परका धाड. आज आला, उद्या गेला, त्याच्यासाठी इथे कोण रडणार आहे? पाप वाटलं का? अजिबात नाही. माझं पोर जळत होतं.

पान ठेवून उठले तर समोरून एक गोरा येत होता. पाठीवर बोचकं, मान वर, विजेच्या तारांचे फोटो काढतोय. मी वळले आणि मागे न बघता चालू लागले. मागे पान चिरडल्याचा आवाज आला, मग "सॉरी, सॉरी." सुटले बाई, असं वाटलं. तेवढ्यात हाक आली... "मॅडम! मॅडम! कोकोनट!"

मेल्याने नारळ उचलला होता. माझा पडला समजून परत द्यायला निघाला होता!

मी पाय उचलला. सुकटीचा उग्र वास, हॉर्न, फेरीवाल्यांची बोंबाबोंब, आणि त्या सगळ्यातून ती एकच हाक स्वच्छ ऐकू येत होती. वर आपली परोपकारी जनता! "ओ ताई, तुमचं काहीतरी पडलं!" भाजीवाली ओरडली. मी एका बोळात शिरले, तर लोक त्याला रस्ता सांगतायत, "वो? सीधा जाव, फिर लेफ्ट."

घर गाठलं. दाराबाहेर पाय धुतले, आत गेले. सर्वेशच्या कपाळावर घाम! "आई, भूक लागली," म्हणाला. ढसाढसा रडले रे मी.

आणि दारातून शेजारच्या चेतनाचा आवाज आला. "अगं सुलक्षणा, हा बिचारा केव्हाचा तुला शोधतोय. मीच घेऊन आले."

तोच होता. चेहरा लालबुंद, डोळे तापाने चढलेले, हातात नारळ. मी दार लोटायला उठले... पण त्याआधीच माझं गुणी पोर, मीच लावलेलं वळण, धावत गेलं. दोन्ही हातांनी नारळ घेतला. "थँक यू, अंकल."

त्या माणसाच्या तोंडावरची लाली तिथल्या तिथे उतरली. हसला, हात जोडले, गेला.

तेव्हापासून सर्वेशला अंथरुणातून उठवत नाही. पण रोज सकाळी त्याचे तळवे धुळीने माखलेले असतात... टाचांना फोड आलेले असतात.

हसतोस? मराठीचं एक अक्षर कळत नाही तुला, ते बाजारातच हेरलं मी. म्हणून तर आग्रह करून घरी आणलं. हा नारळ घे. आता तिठाबिठा नाही, थेट हातात देते. गिफ्ट, गिफ्ट! आजच विमान आहे ना तुझं? परत द्यायला येणार कुठून!

घेतलास? शाब्बास.

थांब हं, सर्वेश उठला वाटतं. काय रे बाळा? काय म्हणतोस... दोघं? दोघं कुठे, एकच पाहुणा आलाय रे.

आणि तू रे... तू बाजूला सरकून कोणाला बसायला जागा देतोयस?