प्लास्टरच्या खोलीतला रोजा

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली, तिच्या ट्रेमधल्या कवळ्या खडखडल्या, आणि त्या माणसाने सॉरी म्हणायच्या आधी सलाम केला. तिनेही सवयीने सलामाला उत्तर दिलं. झालं! पुढचा सगळा घोळ त्या एका सलामाने घातला.

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून. आता मात्र ती दिवसभर एका जागी बसून लोकांचे दात करायची. दंतवैद्यांकडून तोंडाचे साचे यायचे आणि भिंगरी मेणात एकेक दात रोवून कवळी उभी करायची. जिन्यात धडकलेला हा त्याच दिवशी कामाला लागलेला नवा कारागीर. मालकीणबाईंनी त्याचं टेबल थेट तिच्या टेबलाला लावलं. म्हणाल्या, तुमच्यातलाच आहे हो, छान जमेल तुमचं. बाई गोऱ्या, मनाने लोणी, पण दोन सावळी माणसं एका धर्माची निघाली की त्यांच्या लेखी ती एकाच घरातली. भिंगरीने मात्र आपली खुर्ची हळूच दुसऱ्या टोकाला सरकवली.

कारण भिंगरी आता कुणातलीच उरली नव्हती. नमाज, रोजे, सगळ्यावरचा तिचा विश्वास कधीचाच उडाला होता. भांडण नाही, राग नाही... एकदा दुआ मागताना तिच्या लक्षात आलं, की समोर कुणी ऐकतंय असं आपल्याला वाटतच नाहीये. हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिच्या चुलतभावाचंही असंच झालं होतं, आणि त्याने सांगितलं होतं. मीही तसाच, असं म्हणणाऱ्या एका मित्राने त्याच्याकडून ते काढून घेतलं आणि घरी पोचवलं. मग त्याचं नाव काढायची त्याच्या आईलासुद्धा बंदी झाली. इतक्यात त्याला दुसऱ्यांनी गाठलं, ज्यांना हिच्या धर्माची माणसं शहरात नकोच होती. त्यांनी त्याला सभेत उभं केलं, हार घातला, टाळ्या पिटल्या. आणि सभेबाहेर त्यांच्यातल्याच एकाने त्याचा रंग बघून त्याला सुनावलं, की आता आपल्या मुलखात चालता हो. बिचारा दोन्हीकडून गेला.

भिंगरीने कानाला खडा लावला. दर रविवारी ती घरी जायची, अम्मीच्या केसांना तेल लावायची, आणि अम्मी डोळे मिटून गल्लीभरच्या चुगल्या सांगायची. गुपित फुटलं की तो रविवार गेला. अब्बा पुन्हा दार उघडणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि हा नवा राहत कुठे होता? तिच्या मामूच्या घरात, वरच्या मजल्यावर, भाड्याने! मामू म्हणजे गल्लीचा बिनपगारी फौजदार. तिने मनाशी ठरवून टाकलं, मेल्याला पाळतीवर पाठवलाय.

मेला दिसायला बरा होता, हीच तर पंचाईत. मेण कोरताना जीभ दातांत धरायचा, आणि काम जमलं की स्वतःशीच मान हलवायचा. कवळीच्या हिरड्यांचा रंग कंपनीकडून यायचा तो एकच, गुलाबी गोरा. सावळ्या तोंडात ती कवळी उसनी दिसायची. नवा त्यात तपकिरी रंग कालवून बघू लागला, आणि एका दुपारी वाटी घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"जरा हसता का?"

"कशाला?"

"नमुना हवाय. माझ्या हिरड्या मला दिसत नाहीत."

"आरसा नाही तुमच्याकडे?"

"आहे... पण आरसा इतका छान रागावत नाही."

भिंगरीला हसू आवरेना, आणि तो वाटी तिच्या गालाजवळ धरून अगदी गंभीर चेहऱ्याने रंग जुळवत राहिला. रंग जुळला. तिला मात्र घरी जाताना वाटलं, गोड बोलून पोटातलं काढायची ही तऱ्हा दिसतेय. जपून राहायला हवं.

मग रोज्यांचा महिना आला. मालकीणबाईंनी मोठ्या कौतुकाने जाहीर केलं, की या दोघांसमोर कुणी खायचं नाही. चहाची किटली खालच्या मजल्यावर गेली. आजवर भिंगरी एकटी होती, तेव्हा हा महिना सोपा जायचा. दुपारी साच्यांचं प्लास्टर ठेवायच्या खोलीत जायचं, पोत्यावर बसायचं, ब्रेड आणि उकडलेलं अंडं खायचं, तोंड पुसून बाहेर. या वर्षी पहिल्याच दुपारी तिने दार ढकललं, तर पोत्यावर नवा बसलेला! तो दचकला. म्हणाला, जरा पडायला आलो होतो. तीही म्हणाली, मीपण. दोघं दोन पोत्यांवर बसली आणि एकमेकांच्या उठण्याची वाट बघत राहिली. कुणीच उठलं नाही.

रोज हेच. तिला वाटे, हा राखण करतोय. दोघांच्या पोटात कावळे कोकलत, आणि बोलणं फिरून फिरून खाण्यावरच येई. कांदा किती परतावा, सूपमध्ये मिरी कधी घालावी. तो बटाटे भाजण्याचं असं काही वर्णन करी, की भिंगरीच्या तोंडाला पाणी सुटे. ते गिळतानाही ती त्याच्याकडे चोरून बघे. त्याच्या पोटाने आवाज केला की तिचं पोट लगेच उत्तर देई. अशा वेळी दोघंही छताकडे बघत.

"रोजा कसा चाललाय?" तो विचारी.

"मस्त. तुमचा?"

"झकास," तो मेल्यासारखा म्हणे.

भुकेने जीव जात होता, तरी दुपार कधी होते याची ती वाट बघू लागली होती. हे स्वतःशी कबूल करायचीही तिला चोरी! आणि एका सकाळी खिडकीतून तिने पाहिलं... खाली फाटकाशी मामू. नव्याच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी खोदून विचारत होता. नव्याने वर तिच्या खिडकीकडे पाहिलं आणि मान डोलावली. भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दुपारी ती प्लास्टरच्या खोलीत गेली ती तोंड शिवून. बसली, रागाने उठली, आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली.

त्याने तिला सावरून पोत्यावर बसवलं आणि पाणी आणलं. तिने मान फिरवली. रोजा आहे माझा, म्हणाली. चक्कर आलेल्याला माफ असतो, तो म्हणाला. ती हलली नाही. त्याने दाराकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि अख्खा पेला स्वतःच घटाघटा प्यायला.

"माझा नाहीये," तो म्हणाला. "रोजा नाही... बाकीचंही काही नाही. कधीचंच. मी इथे डबा खायला यायचो आणि तुम्ही येऊन बसायचात. आता सांगा मामूंना. खोली जाईल, गावी भावाच्या कानावर जाईल... जाऊ दे. पण तुम्ही अशा पडलेल्या मला बघवत नाही."

तिच्या ओठांवर आलं होतं – मीसुद्धा. पण चुलतभावाचा मित्रही हेच म्हणाला होता! आणि सापळा लावायला मोडलेला एक रोजा काय, नंतरही भरून काढता येतो. त्याने पेला पुन्हा भरून तिच्यासमोर ठेवला. ती तो न शिवता बाहेर निघून गेली.

रविवारी घरी मामू आलेला. अम्मीसमोरच त्याने विचारलं, तुझ्या शेजारी बसतो तो मुलगा रोजे पाळतो का गं, खरं सांग. भिंगरीने अम्मीच्या केसांवर आणखी तेल ओतलं. नवा मामूचा माणूस असता, तर मामूने हे विचारलं कशाला असतं? आणि तो खरा असेल, तर त्याची मान आता तिच्या हातात होती.

"कडक," ती म्हणाली. "थुंकीसुद्धा गिळत नाही."

मामू खूश झाला. म्हणाला, कमाल आहे, त्याला तुझं विचारलं तर तोही असंच म्हणाला. मग अम्मीकडे वळून त्याने आवाज खाली आणला. मुलगा हातचा घालवू नये, स्थळ चांगलं आहे.

सोमवारी दुपारी भिंगरीने प्लास्टरच्या खोलीचं दार लावलं, ब्रेडचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्यासमोर धरला. तो बघतच राहिला. तिने आपला तुकडा खाल्ला आणि मग दोघं इतकी हसली, की प्लास्टरची धूळ उडून ठसका लागला.

"मी तुम्हाला हेर समजत होते."

"मी तुम्हाला! घरमालकाची भाची इथे आहे हे आधीच कळलं होतं... सलामसुद्धा भीतीनेच केला होता."

मामू त्याच्याशीही लग्नाचं बोलला होता. नव्याला ती हवी होती, आणि त्याने ते सरळ सांगितलं. वर म्हणाला, "तुमच्या अम्मी सुटू नयेत म्हणून मी जन्मभर रोजे धरीन. खोटे, पण अगदी नेटाने."

भिंगरीचे डोळे भरले. कुणी तिच्यासाठी उपाशी राहायला तयार होतं, आणि तिला तो तसा उपाशी नको होता. अब्बांचं राहू दे, ती म्हणाली, पण अम्मी लग्नाच्या दिवशी माझ्याकडे बघून हसेल, तेव्हा तिला ठाऊक असायला हवं ती कुणाकडे बघून हसतेय. रविवार गेला तर? त्याने विचारलं. तिने हातावरचा ब्रेडचा चुरा वेचून खाल्ला.

पुढच्या रविवारी अब्बा बाहेर गेल्यावर तिने सांगून टाकलं. सगळं, एका दमात. अम्मीने तिचा हात झटकला. रडली. कुणी शिकवलं तुला हे, म्हणाली. आम्ही काय कमी केलं, म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून बसली, आणि भिंगरी चपला घालायला उठली.

"तोही असाच?" अम्मीने न वळता विचारलं.

"हो."

"अब्बांना कळलं तर मलाही दार उघडता येणार नाही. समजलं?"

"समजलं."

"सकाळपासून काही खाल्लंयस?"

भिंगरीने नाही म्हटलं. अम्मी उठली. तिचा स्वतःचा रोजा होता, ओठ सुकले होते. तिने स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी घातली, गॅस पेटवला, रात्रीचं उरलेलं गरम केलं आणि ताट लेकीपुढे सरकवलं. नजर मात्र एकदाही वर उचलली नाही. मग एक डबा काढून तिने तोही भरला.

"हा त्याला दे," अम्मी म्हणाली. "आणि मामूच्या घरात खाऊ नको म्हणावं, भिंती पातळ आहेत."