चौकातच बंद पडणारी गाडी

गाडी आज पुन्हा चौकात बंद पडली. लेकीने ती कशीबशी घरी आणली आणि पायरीवरच बसकण मारली.

"रविवारी विकून टाकतो," बाबा म्हणाले. "भरधाव हाणून हाणून वाट लावलीस तिची."

घरोघरी जाऊन रुग्णांचं ड्रेसिंग करणं हे लेकीचं काम. गाडी गेली की तेही गेलं.

आत्या बाहेर आली. पोलिसातून निवृत्त झाली तरी तिची चौकशीची सवय सुटली नव्हती. गुडघे मात्र केव्हाच निवृत्त झाले होते.

"कुठे बंद पडते गं?"

"सिग्नलला. उभी राहिली की आचके देते. पळताना काही नाही."

"लांबच्या गावी जाऊन आलीस तेव्हा?"

"उलट सुधारली होती. मग मी तापाने पडले. उठून बघते तर जास्तच बिघडलेली."

"हिच्या तापात कुणी चालवली रे?"

"कुणीच नाही," बाबा घाईने म्हणाले. "जागची हलली नाही."

आत्याने गाडीच्या शेडमध्ये सायलेन्सरमागच्या भिंतीवर बोट फिरवलं. बोट काळंभोर. गाडीत डोकावली. स्टिअरिंगपाशी बाबांचा चष्मा, शेजारच्या सीटवर लेकीच्या गेलेल्या आईची उशी.

इंजिन गार झाल्यावर तिने लेकीकडून दोन बोल्ट सोडवून घेतले. हातात आली ती झडप काजळीने पार माखलेली, दांडी अर्ध्यावर अडकलेली.

आत्या दमून स्टुलावर टेकली.

"ही झडप थोडा धूर परत इंजिनात सोडते. गाडी उभी असताना ती मिटलेली हवी. ही उघडीच राहिली, म्हणून सिग्नलला इंजिन गुदमरतं. वेगात पळवली की इंजिन तापतं, थोडी काजळी जळते. म्हणून लांब जाऊन आली की बरी. काजळी साचते ती उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवून. हिने नाही, तू बिघडवलीस. तापाच्या दिवसांत गाडी हलली नाही, पण रोज सुरू होत होती. भिंत ताजी काळी आहे, आणि चष्मा तुझा."

बाबा उशीकडे बघत राहिले.

"ही कामावरून आली की लगेच झोपते, अक्का. घर खायला उठतं. इंजिन चालू केलं की वाटतं, आम्ही दोघं आता निघालोच."

आत्याने ती काळी झडप बाबांच्या हातात ठेवली.

"मग नीघ की," आत्या म्हणाली. "रोज हिला कामावर तूच सोड. लांबच्या रस्त्याने."

"आणि रविवारी विकायचीय ना?" लेकीने हळूच विचारलं.

बाबांनी बाह्या सरसावल्या.

"बडबड नको. तो जुना टूथब्रश दे इकडे."