पुढचा फोन सोमवारी

तिने स्कॅनच्या खोलीचं दार उघडलं आणि ते खाडकन टेबलावर आदळलं. काल इथे टेबल नव्हतं.

"सावकाश! टेबल नवीन आहे," टेबलामागचा तरुण म्हणाला.

"आणि दार जुनं आहे," ती म्हणाली. "तुम्ही तिसऱ्या मजल्यावर बसता ना?"

"बसायचो. डॉक्टर चिठ्ठी देतात, सिगारेट सोडायची तर वर जा. चाळीस जणांतले तिघं जिना चढले. म्हटलं, आपणच उतरावं."

ती फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीचं स्कॅन यंत्र चालवायची. वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेली माणसं, अजून काही दुखत नसतानाच, तिथे येऊन आडवी व्हायची. काचेआडून ती माइकवर सांगायची, "मोठा श्वास घ्या... रोखून धरा... सोडा." मग ती माणसं बाहेर रिपोर्टची वाट बघत बसायची — आणि आता तिथे सिगारेट सोडवायला तो असायचा. एकदा धरलेला माणूस सोडायचा नाही, म्हणून सिस्टर त्याला 'च्युइंगम' म्हणायच्या.

तो कुणाला भीती घालायचा नाही. भिंतीवरचं काळ्या फुप्फुसाचं चित्र त्याने पहिल्याच दिवशी उतरवलं. "दिवसातली सगळ्यात आवडती सिगारेट कोणती?" एवढंच विचारायचा, आणि ऐकत राहायचा. असं ऐकणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं. ती आपल्या खोलीचं दार किलकिलं ठेवू लागली... वारा येतो म्हणून.

एके दिवशी तिचे बाबा आले. चाळीस वर्षं कारखान्यात लेथ यंत्रावर काढलेले, तितकीच वर्षं धूर काढलेले. त्यांना इथवर आणायला तिला दोन वर्षं लागली होती. "रोखून धरा" म्हणताना पहिल्यांदाच तिचा आवाज कापला.

रिपोर्ट चांगला आला.

"बघ, कोरी करकरीत छाती!" बाबा खिसा चाचपत म्हणाले. "या आनंदात एक ओढून येतो."

याचसाठी आणलं होतं का यांना?

"जा की, काका," च्युइंगम म्हणाला. "फक्त आधी यात फुंका." श्वासातला विषारी वायू मोजणारं ते छोटंसं यंत्र होतं. आकडा आला चोवीस, लाल. "काका, बेअरिंग चांगलं निघालं, म्हणून तुम्ही त्यात वाळू टाकायचात का?"

बाबा बसले. तासाभराने उठले, तेव्हा पाकीट टेबलावरच राहिलं होतं.

मग रोज संध्याकाळी सातला बाबांची चौकशी करायला त्याचा फोन यायचा. बाबांचं बोलून झालं की ते तिला म्हणायचे, "घे, तुझ्याशी काहीतरी बोलायचंय म्हणतो."

"मी काहीच म्हटलं नव्हतं..." तो म्हणायचा.

"मग ठेवू?"

"असं कुठे म्हटलं?"

पुढे फोन फक्त सोमवारी येऊ लागला. बाराव्या आठवड्यानंतर तो बंद होणार होता, तसा नियमच होता. सात वाजले की तिचे कान फोनकडेच असायचे.

शेवटच्या भेटीला बाबा मान खाली घालून आले. "आज सकाळी तीन ओढल्या. फोन चालू ठेवावे लागतील बहुतेक."

ती दारात उभी राहून ऐकत होती. तीन महिने पाण्यात!

च्युइंगमने त्यांना फुंकायला लावलं, आकडा पाहिला, आणि वहीत लिहिलं — पुढचा फोन सोमवारी. बाबा शीळ घालत निघून गेले. शीळ?

तिने यंत्र ओढून घेतलं. दोन, हिरवा.

"सकाळी तीन ओढल्यावर दोन?"

"एकही नाही ओढलेली."

"म्हणजे बाबा खोटं बोलले? जन्मभर मोजमाप केलेला माणूस, तेही यंत्रासमोर!" ती हसता हसता थांबली. "पण... कशासाठी?"

"तुम्हाला खरंच नाही कळलं?"

तिचे कान तापले. "आणि तुम्ही? तुम्ही तर वहीत कधी चुकीचं लिहीत नाही."

"यात चूक काय? सोमवारी फोन करणारच आहे मी. पण... काकांना नाही."

एवढं बोलून तो श्वास रोखून उभा राहिला. छाती भरलेली, डोळे तिच्यावर — अगदी तिच्या यंत्रातल्या माणसांसारखा.

"सोडा आता श्वास," ती हळूच म्हणाली. "आणि सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? आज सातला घरीच या."