पत्र्यातून आलेला उजेड

स्वरूपा मांडीवर झोपलीय, म्हणून एका अंगठ्याने टाइप करतेय. यातलं काहीच रचलेलं नाही. रचायला वेळ कुठे आहे मला?

मागच्या वर्षीचा पावसाळा संपत आला होता. चाकणला, महाळुंगे रस्त्याला आमची पत्र्याची खोली होती. वार गुरुवार. म्हणजे कंपन्यांना सुट्टी आणि दुरुस्तीसाठी लाईट बंद.

त्या दिवसांत गावोगाव आकाशात दिवे दिसत होते. ड्रोन आहेत, परवानगीचे आहेत, घाबरू नका, एवढंच सरकारी माणसं सांगायची. कोणाचे, कशासाठी... ते नाही.

माझा नवरा ज्ञानेश दुपारी ओव्हरटाइमला गेला. आम्ही मायलेकी झोपलो होतो. उठवायला नको म्हणून त्याने बाहेरून कुलूप लावलं. आमच्या खोल्यांच्या लाइनीत सगळेच तसं करतात आणि किल्ली शेजारच्या मंजुळामावशींकडे देतात. त्या दिवशी ती त्याच्या खिशातच राहिली.

जाग आली तेव्हा दिवस मावळत होता. मोबाइल बंद पडलेला.

बाहेर पोरं खेळत होती. कुत्री भुंकत होती.

मग... एकदम काहीच नाही.

त्या शांततेत वरून घरघर ऐकू आली. पत्र्याला टेकल्यासारखी...

पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं होती. त्यातून पांढरा उजेड आत आला. फरशीवर ठिपके पडले.

ठिपके सरकायला लागले. शेगडीवरून... भांड्यांवरून...

स्वरूपाच्या झोळीपाशी येऊन थांबले.

मी दार ओढलं. बाहेर नुसतं कुलूप वाजलं. मावशींना हाका मारल्या, घसा फाटेपर्यंत.

वळले, तर सगळे ठिपके स्वरूपाच्या तोंडावर गोळा झालेले.

ती जागी होती. वर बघून हसत होती... ओळखीच्या माणसाकडे बघून हसते तशी.

तिला छातीशी धरून मी ओट्याखाली शिरले. किती वेळ गेला, माहीत नाही.

मग कुत्री भुंकली.

किल्ली आठवून ज्ञानेश ओव्हरटाइम अर्ध्यात सोडून परत आला. त्याने दार उघडलं तेव्हा मावशी पायरीवरच होत्या.

"मी तर कवाची हितंच लसूण सोलतीय गं. ना उजेड, ना तुझा आवाज. कायबी न्हाई."

ज्ञानेशने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. त्या संध्याकाळी आमच्या भागावर कोणाचा ड्रोन होता? उत्तर आलं, आकाशात काहीच नव्हतं. त्याने अपील केलं. स्वरूपाला मावशींकडे ठेवून आम्ही सुनावणीला गेलो.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तेच उत्तर पुन्हा सांगितलं. आम्ही उठलो. दारापर्यंत पोहोचलो, तेव्हा मागून हळूच त्यांचा आवाज आला.

"मुलगी अजून वरच बघते का?"

आम्हाला मूल आहे, हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. बोललोही नव्हतो.

ज्ञानेश गर्रकन वळला. साहेब खाली मान घालून सही करत होते. जणू बोललेच नाहीत.

आता आम्ही वाकडला राहतो. डोक्यावर स्लॅब आहे, एकही भोक नाही. बाहेरून कुलूप कधीच लावत नाही.

तरी रोज दिवस मावळला, की स्वरूपा छताकडे बघते...

आणि दोन्ही हात वर करते. उचलून घ्यायला सांगते तसे.